वैलावरचं वरण

माझ्या उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा एक गुळगुळीत डाग आहे. आठवीत होते. बाबांच्या मोटारसायकलवरून नको त्या बाजूने उतरले आणि सायलेन्सरचा चटका बसला. घरी येईस्तोवर टचटचीत फोड आला. आजी तेव्हा काटोलकडच्या गावाहून नागपूरला आमच्याकडे आली होती. तिने कुंडीतली कोरफड चिरून लावली, माझं मुसमुसणं थांबेपर्यंत फुंकर घातली आणि मग बाबांकडे वळून म्हणाली, "एवढा इस्तो उगाच सोडते तुही गाडी? याच्यात माह्या आंघोयीचं पाणी तापलं असतं."

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. मी पुढे मेकॅनिकलला गेले, त्याच शहरात शिकवायला लागले, आणि 'वेस्ट हीट रिकव्हरी', म्हणजे वाया जाणारी उष्णता परत मिळवणं, हे शब्द दरवर्षी फळ्यावर लिहू लागले. आजीचं ते वाक्य मात्र मला आठवलं ते अगदी अलीकडे, चार पोरांचा एक प्रोजेक्ट फसला तेव्हा.

फायनल इयरची मुलं प्रोजेक्टचा विषय घेऊन येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत एक चमक असते. ती जानेवारीत असते, एप्रिलपर्यंत जाते. तीन मुलगे आणि एक मुलगी. विषय काय, तर गाडीच्या सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या उष्णतेपासून वीज. मी नाही म्हणू शकले असते. दर दोन-तीन वर्षांनी हा प्रोजेक्ट कोणीतरी आणतंच, आणि ब्लॅक बुकच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालाच्या, शेवटच्या पानावर 'भविष्यात खूप वाव आहे' असं लिहून संपवतं. पण गणित मोहात पाडणारं आहे, हे मला मान्य करायलाच हवं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरची तीच युनिटं. त्यातली चाकापर्यंत पोहोचतात दोन-अडीच. तीनेक युनिटं इंजिनाच्या अंगावरून, रेडिएटरमधून हवेत जातात. आणि जवळजवळ तेवढीच सायलेन्सरच्या नळीतून बाहेर. पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून हे फळ्यावर मांडलं की मागच्या बाकावरचेही मोबाइलमधून मान वर काढतात. शंभराची नोट टाकीत टाकली, तीसेक रुपये नळीवाटे गेले. कोणाचाही जीव हळहळेल. आजीचा हळहळलाच होता.

मुलांनी बर्डीच्या बाजारातून पेल्टियरच्या चकत्या आणल्या. चकती म्हणायची, पण ती चौकोनी असते: चार सेंटिमीटर लांब, चारच रुंद, शेवेच्या वडीएवढी जाड, वरखाली पांढरी चिनीमाती आणि एका कडेतून निघालेल्या लाल-काळ्या दोन वायरी. आत बिस्मथ टेल्युराइडच्या ठोकळ्यांच्या १२७ जोड्या रांगेने बसवलेल्या असतात. मुळात ती विकली जाते गार करायला. पाण्याच्या डिस्पेन्सरमध्ये, गाडीत ठेवायच्या चिमुकल्या फ्रीजमध्ये हीच असते. वीज दिली की एक बाजू थंड पडते, दुसरी तापते. आणि उलटं केलं, एक बाजू आपण तापवली न् दुसरी गार ठेवली, तर तीच चकती वीज देते. मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच, की तिला दोन्हीकडून वापरता येतं.

सायलेन्सर गोल, चकती सपाट. म्हणून वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचा ठोकळा घेऊन त्याची एक बाजू नळीच्या गोलाईची केली. त्यात दोन आठवडे गेले. चार चकत्या, मध्ये थर्मल पेस्ट, वर मेलेल्या कॉम्प्युटरांमधून काढलेले, उष्णता हवेत सोडणारे हीट सिंक, सगळं यू-क्लॅम्पने आवळलं. कॉलेजच्या पार्किंगमध्ये एका पोराची शंभर सीसीची गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि सुरू केली. पाच मिनिटांत मल्टिमीटरचे आकडे हलले. एका चकतीमागे दोन व्होल्टच्या जवळपास. एलईडी लागला. टाळ्या, व्हिडिओ, स्टेटस. दुपारचे बारा, पारा त्रेचाळीसवर, डोक्यावर सूर्य आग ओकतोय, आणि त्या उन्हात दिसेल न दिसेल असा एक दिवा लावण्यासाठी अख्खं इंजिन फुरफुरतंय. मला हसू आलं, ते मी दाबलं. चारचौघांत पहिलटकरणीच्या बाळाला कोणी काळं म्हणत नाही.

वीस मिनिटांनी आकडा उतरायला लागला. इंजिन चालूच होतं, नळी चटका देत होती, मग वीज का कमी? कारण वरचे हीट सिंकही तापले होते. चकतीला नुसती उष्णता नको असते, दोन बाजूंमधला फरक हवा असतो. मुलांनी ओलं फडकं टाकलं, ते पाहता पाहता वाळलं. मग एकजण गेटबाहेरच्या रसवंतीवरून पिशवीभर बर्फ घेऊन आला. आकडा टुणकन वर. "बर्फ तयार करायला लागलेली वीज कोण मोजणार?" मी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. बर्फाचं पाणी गरम नळीवर टपकून चर्र चर्र वाजत राहिलं.

चालत्या गाडीला वारा लागतो, तेव्हा बर्फ लागणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बरोबरही होता. म्हणून गाडी अंबाझरीपर्यंत दामटून आणली. परत आल्यावर मीटर शून्य. चारही चकत्या मेलेल्या. मुलीने टेबलावर एक उघडली. आत ठोकळ्यांच्या रांगा एखाद्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या कलल्या होत्या, आणि मध्ये मध्ये चकचकीत धातूचे मोहरीएवढे थेंब. डाग, म्हणजे जोडायचं सोल्डर, वितळला होता. या स्वस्त चकत्यांमध्ये बिस्मथ आणि कथिलाचा डाग असतो, तो १३८ अंशांना पाणी होतो. माहितीपत्रकावर ते छापलेलं होतं. मुलांनी वाचलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या गाइडनेही वाचलं नव्हतं.

त्या रात्री कूलरसमोर बसून मी जुनं सगळं पुन्हा वाचून काढलं. (आमच्याकडे मे महिन्यात विचार कूलरसमोरच करता येतो.) या विजेचा शोध तसा दोनशे वर्षांपूर्वीचा. १८२१ साली बर्लिनमध्ये सीबेकने दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या जोडून एक कडं केलं, एक जोड तापवला, आणि जवळ ठेवलेल्या होकायंत्राची सुई हलली. त्याला वाटलं, उष्णतेने धातू चुंबक झाला. विषुववृत्त तापलेलं आणि ध्रुव गार, म्हणूनच पृथ्वी चुंबक असणार, इथपर्यंत त्याने तर्क नेला. कड्यातून वीज वाहते आहे आणि सुई तिच्यामुळे हलते, हे त्याला पटलंच नाही. शोध त्याच्या नावावर आहे आणि शोधाचा अर्थ दुसऱ्यांनी लावला. मला हा माणूस फार आवडतो. निरीक्षण चोख, निष्कर्ष चूक. एप्रिलमधल्या निम्म्या ब्लॅक बुकांची हीच कथा.

मग ही वीज कुठे चालली? सोव्हिएत रशियात १९५० च्या दशकात रॉकेलच्या कंदिलाच्या काचेवर असं कडं बसवायचे आणि त्यावर रेडिओ चालायचा. वीज न पोहोचलेल्या गावात कंदील तर जळणारच आहे, त्याची वर जाणारी ऊब बातम्या ऐकवते. आणि व्हॉयेजर. १९७७ साली सुटलेली ती दोन यानं सूर्यापासून इतकी दूर गेली आहेत की तिथे सौर पट्ट्या काही कामाच्या नाहीत. त्यांच्या पोटात प्लुटोनियम तापत असतं आणि त्या उष्णतेतून थेट वीज निघते, निघाली तेव्हा ४७० वॉटच्या आसपास. उष्णतेच्या जेमतेम सहा-सात टक्के. पण तिथे दुसरा इलाजच नाही, आणि हलणारा एकही भाग नसल्याने बिघडायलाही काही नाही. कंदील काय किंवा यान काय, वीज महाग पडली तरी चालेल, नसली तर चालणार नाही, अशी जागा हवी. गाडीत तसं नाही. तिथे पट्ट्यावर फिरून वीज देणारा अल्टरनेटर बसलेलाच आहे, आणि चकतीला त्याच्याशी स्पर्धा करायची आहे.

तेव्हा मला आजीची चूल आठवली.

ज्यांनी मातीची चूल वापरली नाही त्यांच्यासाठी सांगते. चुलीच्या तोंडात लाकडं सारतात, वर मुख्य भांडं बसतं. पण जाळ तिथेच संपत नाही. त्याला मागे किंवा बाजूला मातीतूनच एक वाट काढलेली असते, आणि त्या वाटेच्या टोकाला दुसरं, लहान तोंड. त्याला वैल म्हणतात, कुठे औलही म्हणतात. मुख्य तोंडावर आजीची ज्वारीची भाकर व्हायची, तिला धगधगीत आच लागते. वैलावर वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, असायचा. त्याच्याकडे कोणी बघायचंही नाही. भाकरी संपेपर्यंत डाळ आपोआप गळून जायची. भाकरी झाल्या की लाकडं मागे ओढायची, निखारे पुढे घ्यायचे, त्यांवर पापड. मग त्याच निखाऱ्यांत, राखेखाली, वांगं. वांगं निघालं की राखेच्या कडेला दुधाची गंजी, साय धरायला. सगळ्यात शेवटी, सगळी निजानीज झाली की, त्या कोमट राखेत मांजर येऊन बसायची. सकाळी राखेने भांडी.

हे मी अनेकदा वर्गात सांगितलं आहे, पण 'बघा, आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' या सुरात नव्हे. तो सूर मला मानवत नाही. आजीचे डोळे त्या चुलीच्या धुराने गेले, आणि गॅस आला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. आजी वैलावर कधी भाकर टाकत नव्हती. उरलेल्या आचेवर तिने भाकरीचा हट्ट धरला असता तर भाकर कच्ची राहिली असती आणि ती म्हणाली असती, वैल कुचकामी आहे. उष्णतेला नुसतं माप नसतं, पत असते. वीज ही भाकर आहे, तिला उंच पतीची धग लागते. आणि आम्ही सायलेन्सरच्या वैलावर भाकर थापत बसलो होतो.

ही पत मोजायची रीत १८२४ मध्ये सादी कार्नो नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या फ्रेंच इंजिनिअरने घालून दिली. उष्णतेचं काम किती होईल याला वरची एक हद्द असते, आणि ती हद्द ठरते गरम बाजू किती गरम आणि गार बाजू किती गार यावर. यंत्र कितीही चांगलं बनवा, हद्द ओलांडता येत नाही. आमच्या नळीचा पत्रा समजा २०० अंशांवर आहे. बाहेर ५ अंश असतील, तर हद्द ४१ टक्क्यांची. बाहेर नागपूरचा मे असेल, ४५ अंश, तर तीच ३३. म्हणजे थंड देशात केलेला हाच प्रोजेक्ट आमच्यापेक्षा आपोआपच पुढे. आणि ही झाली हद्द. चकतीच्या पदरात प्रत्यक्षात पडतात फार तर पाचेक टक्के. आम्हाला नागपूरकरांना उन्हाची एवढी सवय, की उष्णता म्हटलं की ती कुठून आणायची हा प्रश्नच पडत नाही. आमचा प्रश्न नेहमी गारव्याचा असतो. तो इंजिनाचाही असेल, असं कोणाच्या मनात आलं नाही एवढंच.

इथल्या कोराडीच्या वीज केंद्राचंच पाहा. ६६० मेगावॉटचे तीन संच तिथे आहेत. कोळशातल्या उष्णतेचा निम्म्याहून मोठा भाग वीज न होताच जातो, आणि त्यातला बहुतेक त्या लठ्ठ कूलिंग टॉवरांमधून पांढऱ्या वाफेवाटे. एवढी उष्णता, पण पत काय? आंघोळीच्या पाण्याची. आजीच्या भाषेत मांजर बसायची राख. तिच्यातून आणखी वीज काढायला कोणी जात नाही. ती टाकून देण्यासाठीच पाणी लागतं, भरपूर लागतं, आणि हे पाणी कुठून येतं ते मला फार आवडतं: आपण नागपूरकर मोरीत सोडतो ते सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध करून कोराडीला पोहोचवलं जातं. माझ्या धुण्याभांड्यांचं पाणी तिथे टर्बाइनची गार बाजू होतं. हा मला शहरातला सगळ्यात मोठा वैल वाटतो, आणि तो उष्णतेचा नाही, पाण्याचा आहे.

गाड्यांवाल्यांनी प्रयत्न केले नाहीत असं नाही. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये गाडीच्या नळीवर चक्क वाफेचं इंजिन बसवून दाखवलं. धुराच्या उष्णतेने वाफ, वाफेने छोटं यंत्र, ते पुन्हा मुख्य इंजिनाला ढकलणार. पंधरा टक्के इंधन वाचेल म्हणत होते. शोरूमपर्यंत ते आलं नाही. पाइप, पंप, पाणी, वजन, जागा, आणि सिग्नलला थांबलं की सगळं गार. फॉर्म्युला वनच्या गाड्यांत २०१४ पासून धुराच्या टर्बाइनवर एक वीज जनित्र असायचं, त्याच्या मदतीने मर्सिडीजने २०१७ मध्ये चाचणी बाकावर इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामाला लावली, जे साध्या गाडीला स्वप्नातही जमत नाही. पण ते इतकं महाग आणि किचकट होतं की २०२६ च्या नियमांतून काढूनच टाकलं.

विमानांची गोष्ट जास्त मजेची. राइट कंपनीच्या अठरा सिलिंडरच्या टर्बो-कंपाउंड इंजिनात धुराच्या वाटेत तीन टर्बाइनं होती, ती गिअरांनी मुख्य दांड्याला जोडलेली. चारशे-साडेचारशे अश्वशक्ती फुकटात. एअर इंडियाच्या १९५४ नंतरच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांना हीच इंजिनं होती. या टर्बाइनांचं अधिकृत नाव 'पॉवर रिकव्हरी टर्बाइन'. देखभाल करणारे मेकॅनिक त्यांना 'पार्ट्स रिकव्हरी टर्बाइन' म्हणत. म्हणजे शक्ती नव्हे, इंजिनाचे तुटलेले तुकडे परत मिळवून देणारी. जगभरचे मिस्त्री एकाच जिभेचे.

आणि याही आधीचं, साधं, कोणी कौतुक न केलेलं उदाहरण आपल्या मोतीबागेत उभं आहे. नॅरोगेज रेल्वेच्या संग्रहालयात भाच्याला घेऊन गेले होते. तो वाफेच्या इंजिनावर चढून छुक छुक करत होता, आणि मी त्याला थांबवून विचारलं की हा आवाज येतो कुठून. (भाचे माझ्याबरोबर फिरायला का येत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.) सिलिंडरमध्ये काम करून थकलेली वाफ सरळ बाहेर सोडत नसत. ती धुरांड्याच्या बुडाशी एका अरुंद तोंडातून वर फेकत. ती जाताना सोबत धूर ओढून नेई, धूर गेला की भट्टीत ताजी हवा खेचली जाई, विस्तव फुलत असे. गाडी चढाला लागली की वाफ जास्त, ओढ जास्त, आग जास्त, सगळं आपोआप. छुक छुक हा त्या थकलेल्या वाफेचाच आवाज. थोडक्यात, उरलेल्या वाफेला त्यांनी फुंकणीचं काम दिलं होतं. चाक फिरवायला सांगितलं नव्हतं.

मधेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती बहुतेक प्रोजेक्टवाले विसरतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे गाड्यांच्या धुरासाठी बीएस-सहाचे नियम आले. आता धुराच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो, आणि तो अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय विषारी वायू साफ करायला लागतच नाही. डिझेलच्या गाळणीतली काजळी जाळायला तर त्याच्या दुप्पट तापमान लागतं. म्हणजे नळीतली उष्णता आता वाया जाणारी राहिलेली नाही, तिच्यावर आधीच वरण चढलेलं आहे. तुम्ही वाटेतच ती काढून घेतली तर वीज मिळेल आणि धूर घाण होईल. घ्यायची तर कन्व्हर्टरच्या नंतर, जिथे ती आणखी कोमट झालेली असते. आमच्या मुलांनी ठोकळा नेमका कन्व्हर्टरच्या आधी लावला होता. कारण तिथे नळी जास्त तापते.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक भले गृहस्थ होते. नव्या, महागड्या, उच्च तापमानाच्या दोन चकत्या बसवून मुलांनी प्रोजेक्ट उभा केला होता. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "ॲव्हरेज किती वाढलं?" तिन्ही मुलगे जमिनीकडे बघायला लागले. मुलगी म्हणाली, "सर, थोडं कमी झालं. वजन वाढलं, आणि क्लॅम्प बसवताना नळी चेपली." परीक्षक माझ्याकडे पाहू लागले, मी खिडकीबाहेर. मार्क मात्र बरे मिळाले. खरं बोलल्याचे असावेत.

निकालानंतर ती मुलगी मला भेटायला आली. पुण्याला नोकरी लागली होती, जायच्या आधी तिला एक चालता टर्बो हातात घेऊन बघायचा होता. "मॅडम, मग कोणालाच जमलं नाही का?" हा प्रश्न तिच्या मनातून जात नव्हता. म्हणून आम्ही वाडीला गेलो. अमरावती रोडवर जिथे ट्रकांच्या रांगा सुरू होतात तिथे आमच्या ओळखीचं एक गॅरेज आहे. मिस्त्री सत्तरीला टेकलेले, हाताची बोटं ऑइलने कायमची काळी.

त्यांनी उघडून ठेवलेला एक टर्बो तिच्या हातात दिला. गोगलगायीच्या दोन शंखांसारखं घर, मध्ये एक बारीक दांडा, दोन्ही टोकांना पंखे. एकावर धूर आपटतो, दुसरा इंजिनात हवा कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. आज रस्त्यावरच्या जवळपास प्रत्येक ट्रकात हा बसलेला असतो. म्हणजे कोणाला जमलं, तर याला. इतकं जमलं, की तो उष्णता परत मिळवतो हे लोक विसरूनच गेले. तोही वीज करत नाही. धुराला जेवढं झेपतं तेवढंच काम तो त्याला देतो: हवा ढकल.

तिने दांडा बोटाने फिरवून पाहिला, मग आपल्या प्रोजेक्टचे फोटो मिस्त्रींना दाखवले. त्यांनी मोबाइल लांब धरून, डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं.

"नयी दाबली ना तुमी," ते म्हणाले. "गाडीचं नाक दाबून राहिल्या अन् म्हंता, पय."

"काका, मग टर्बोपण दाबतोच ना?"

"दाबते. फुकट काइच नाही. पन तो नाकातून घेते अन् तोंडात देते. तुमी नाकातून घेतलं अन् दिवा लावला."

ती हसली. मीही. माझ्या तीन लेक्चरांचं काम त्यांनी एका वाक्यात उरकलं होतं, आणि हे मी त्यांना सांगितलंही नाही.

तेवढ्यात एक ट्रक आत आला. हैदराबादकडून आलेला, धुळीने माखलेला. ड्रायव्हरने केबिन पुढे कलवली, आणि आम्ही दोघी इंजिनावर वाकलो. टर्बोपासून वीतभर अंतरावर लोखंडी पट्ट्यांची एक चौकट वेल्ड केलेली होती, कंपनीची नव्हे, कुठल्यातरी गॅरेजवाल्याने करून दिलेली. तिच्यात स्टीलचा एक डबा तारेने बांधला होता. बुटीबोरीच्या अलीकडे ढाब्यावरून घेतलेली डाळ, ड्रायव्हर म्हणाला. थंड झाली होती, म्हणून ठेवली.

मुलीने पर्समधून प्रोजेक्टचा, तापमान मोजायचा थर्मोकपल काढला. त्या सगळ्या सामानातलं तेवढंच एक शेवटपर्यंत न बिघडता चाललं होतं. दोन वेगळ्या तारा, एका टोकाला जोडलेल्या, सीबेकच्या कड्यासारख्याच. तिने झाकण किलकिलं केलं, टोक डाळीत बुडवलं आणि मीटरकडे पाहत उभी राहिली.

"किती हाय?" मिस्त्रींनी मागून विचारलं.

"बासष्ट."

"मंग काढ न तो तार त्याच्यातून, जेवू दे त्याले. उपाशी हाय तो सकायपासून."